वडिलांना पार्किन्सन्स आहे, म्हणजे त्यांना कॅन्सरचाही धोका जास्त आहे का?

एकूण पाहता नाही, उलट थोडा कमीच. पार्किन्सन्सच्या रुग्णांत फुफ्फुस, मूत्राशय अशा धूम्रपानाशी जोडलेल्या कॅन्सरचं प्रमाण कमी आढळतं. त्यांच्यात धूम्रपान करणारे कमी असतात हे एक कारण, पण तेवढ्याने सगळा फरक उलगडत नाही.

अपवाद मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरचा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या 2017 च्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या रुग्णांना आधी मेलॅनोमा होऊन गेल्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट दिसली, आणि मेलॅनोमा झालेल्यांना पार्किन्सन्सचा धोकाही साधारण तितकाच. पूर्वी संशय लेवोडोपावर, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधावर होता, कारण मेलॅनिन (त्वचेचा रंग) तयार होताना मध्ये डोपा लागतो, आणि लेवोडोपा म्हणजे तोच. पण गोळ्या सुरू होण्याआधीही हा धोका दिसतो. त्यामुळे त्या भीतीने लेवोडोपा बंद करू नका. अचानक थांबवलं तर अंग ताठरतं, तीव्र ताप येऊन जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडे मेलॅनोमा मुळात दुर्मिळ, त्यामुळे चौपट म्हटलं तरी धोका लहानच. वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. भारतीयांत तो बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो, म्हणून आंघोळीनंतर तिथे नक्की बघा. वेडीवाकडी कड, एकाहून जास्त रंग, 6 मिमीपेक्षा मोठा किंवा वाढत जाणारा डाग, नखातली रुंदावणारी काळी रेघ दिसली तर थांबू नका.

आणि कधी केमो घ्यावीच लागली, तर उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देऊ नका असं डॉक्टरांना आधीच सांगा. ते मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं आणि पार्किन्सन्समध्ये आधीच कमी पडणारं रसायन, अडवतं, कंप आणि ताठरपणा वाढतो.