घरांची तेजी ओसरली की नागपूरसारख्या शहरात नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की वर्धा रोड, बेसा, हिंगणा भागात एवढ्या स्कीम उभ्या राहिल्या, एवढे लेआउट पडले. उद्या बाजार बसला तर भाव कोसळतील का, आणि शहराला काय फटका बसेल?

भाव सहसा कोसळत नाहीत. नागपुरात मंदी येते तेव्हा भाव कागदावर तसाच राहतो आणि गिऱ्हाईक गायब होतं. हे समजलं नाही तर मंदी आलीय हेच कळत नाही.

याचं मोठं कारण प्लॉट. २००२ मध्ये मिहानसाठी (विमानतळालगतचा मालवाहतूक आणि सेझ प्रकल्प) विमानतळ विकास कंपनी निघाली आणि पुढच्या काही वर्षांत खापरी-जामठ्यापासून बुटीबोरीपर्यंत वावरांचे लेआउट झाले. घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना तिथे राहायचंच नव्हतं. रिकामा प्लॉट सांभाळायला खर्च जवळपास शून्य, त्यामुळे विकायची घाई कुणालाच नसते. पंधरा लाखांचा प्लॉट सात वर्षांनी पंधरालाच मागितला जातो आणि मालक म्हणतो, ‘नुकसान तर नाही झालं ना!’ झालंय. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर त्या पंधरा लाखांची किंमत साडेदहाच्या आसपास उरली. तेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत २४ लाख झाले असते.

बिल्डरही दर उघडपणे उतरवत नाही. उतरवला तर आधीचे खरेदीदार दारात येऊन उभे राहतात, आणि न विकलेल्या फ्लॅटवर कर्ज देणारी बँक तारणाची किंमत कमी धरते. शिवाय रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा) १० टक्क्यांहून जास्त खाली विक्री झाली तर फरकावर विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही आयकर लागू शकतो. म्हणून सूट वेगळ्या वाटेने येते: मॉड्युलर किचन मोफत, पार्किंग मोफत, रजिस्ट्रीचा खर्च बिल्डरकडे. अशा जाहिराती वाढल्या की दर पडला असं खुशाल समजा.

फटका सगळ्यांना एकाच वेळी बसत नाही, तो क्रमाने बसतो. नवी स्कीम सुरू झाली नाही की आधी रेती, गिट्टी, विटा आणि सेंट्रिंगवाले रिकामे होतात. बालाघाट, शिवनी, छत्तीसगडहून आलेले मजूर सकाळी ठिय्यावर उभे राहतात आणि दहा वाजता परत फिरतात. टाइल्स, रंग, वायरिंगवाल्यांना मात्र वर्ष-दीड वर्ष काम पुरतं, कारण अर्धवट इमारती पूर्ण होत असतात. त्यामुळे पेंटरला विचारून बाजाराचा अंदाज घेऊ नका, रेतीच्या ट्रकवाल्याला विचारा. पुढे इतवारीच्या लोहाओळीपासून मोहल्ल्यातल्या हार्डवेअर दुकानापर्यंत उधारी तुंबते. दोन महिन्यांत मिळायचे ते पैसे सहा महिन्यांत मिळत नाहीत, आणि बिल्डर फार मोठा नसला तरी त्याच्यामागे डझनभर छोटे ठेकेदार अडकतात.

सगळ्यात वाईट अवस्था अर्धी भरलेल्या स्कीमची. ४० फ्लॅट समजा. लिफ्टचा देखभाल करार, दोन पाळ्यांचे चौकीदार, सफाई, मोटर आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल मिळून महिन्याला ६० हजार धरा. सगळे राहायला असले तर वाट्याला १,५०० येतात. चौदाच कुटुंबं असतील आणि न विकलेल्या फ्लॅटचा वाटा बिल्डर देत नसेल, तर प्रत्येकी सुमारे ४,३००. कुणीतरी देणं थांबवतं, आधी चौकीदार जातो, मग लिफ्टचा करार. भाडेकरू निघतात, राहणारे अकरा होतात आणि आकडा आणखी चढतो. नागपुरात बऱ्याच ठिकाणी सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत फ्लॅटधारकांच्या मालकीची असल्याचं घोषणापत्र, असतं. ते नोंदलं गेलेलं नसेल आणि कार्यकारिणीच नसेल, तर थकबाकी मागायची कुणी हाही प्रश्नच.

यात पगारदार खरेदीदार अडकतो. ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं: हप्ता २७ हजारांच्या घरात. पाच वर्षांत १६ लाखांहून जास्त भरूनही मुद्दल फिटते जेमतेम ३ लाख ४० हजार. पुण्याला बदली झाली आणि फ्लॅट विकायचा म्हटलं तर शेजारच्या स्कीममध्ये बिल्डर कोरा फ्लॅट सवलतीत देतोय. तुमच्या जुन्या फ्लॅटला त्याच्याही खाली यावं लागतं. भाडेकरूचं मात्र भलं होतं, मंदीत भाडं बसलेलंच राहतं.

शहराच्या तिजोरीचं गणितही असंच बिघडतं. शंभर प्लॉटच्या लेआउटमध्ये नऊ घरं असली तरी नाली, जलवाहिनी, खांब लागतात शंभराइतकेच. घरपट्टी मात्र नऊच घरांची येते. मग सांडपाणी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर सोडलं जातं, गाजरगवत माजतं, उन्हाळ्यात टँकर. शहरातले ‘५७२’ आणि ‘१९००’ म्हणून ओळखले जाणारे लेआउट आणि २००१ चा गुंठेवारी कायदा हे याच दुखण्याचं जुनं रूप: आधी विक्री, मग नियमितीकरण, सोयी सगळ्यात शेवटी.

घ्यायचंच असेल तर माझा सल्ला असा. रात्री नऊला स्कीमसमोर उभे राहा आणि उजेड असलेल्या खिडक्या मोजा. मग मीटर रूममध्ये जाऊन किती मीटर खरंच फिरताहेत ते बघा. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, किती युनिट बुक झाले आणि तिमाही अहवाल भरलेत का, एवढं तरी पाहा. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागणं कायद्याला धरून नाही. मागितली तर उठून या. खरा व्यवहार कितीला होतोय हे एजंट सांगणार नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या मौजाचे अलीकडचे इंडेक्स-२ (नोंदलेल्या व्यवहारांचे सारांश) काढा आणि वर्षात किती दस्त झाले तेही मोजा. दर चढा आणि दस्त मोजके, म्हणजे बाजार थांबलाय.

प्लॉटसाठी सातबारावरचा इतर हक्काचा रकाना, एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा आणि लेआउट नियमितीकरणाचा असेल तर आरएल पत्र (रिलीज लेटर) व भरलेल्या डिमांडची, म्हणजे नियमितीकरणाच्या शुल्काची, पावती हवीच. फक्त इसारपत्रावर हप्ते भरू नका, तेजीत एकच प्लॉट दोघा-तिघांना दाखवला जातो. वर्षाचं भाडं भागिले किंमत ३ टक्क्यांच्या खाली येत असेल, तर उरलेली किंमत तुम्ही मेट्रो, समृद्धी महामार्ग किंवा पुढच्या कुठल्यातरी घोषणेसाठी मोजताय. समृद्धी जिथून सुरू होतो त्या शिवमडक्याच्या झिरो पॉइंटकडे प्लॉट बघायला जाल तेव्हा हा भागाकार गाडीत बसण्याआधीच करून घ्या, कारण एजंट परतीच्या वाटेवरच टोकन मागतो.