‘नेपटिझम’ आणि आपला नातू

प्रश्न : आमच्या मंडळाच्या वाचनालयातील कारकुनाची जागा अर्ज न मागवताच एका पदाधिकाऱ्याच्या भाच्याला देण्यात आली. सभेत एका सभासदाने त्यास ‘नेपोटिझम’ म्हटले. इतिवृत्तात मी ‘घराणेशाही’ लिहिले, त्यावर हरकत आली. योग्य शब्द कोणता, आणि मूळ शब्द आला कोठून?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : हरकत रास्त आहे. घराणेशाहीत सत्ता पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात राहते. येथे मात्र ज्याच्या हाती नेमणूक होती त्याने ती लायकी न पाहता नात्यातल्याला दिली, आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ नेमका एवढाच आहे. मित्राची सोय लावली तर काटेकोर अर्थाने तो शब्द चालत नाही. वडिलांचे दुकान मुलाने चालवणे हेही त्यात येत नाही, कारण ती मालमत्ता त्यांची स्वतःची असते. इंग्रजी उच्चार ‘नेपटिझम’ असा, पहिल्या अक्षरावर आघात देऊन होतो.

हा शब्द रोममधला आहे. इटालियन भाषेत ‘निपोते’ म्हणजे नातू, तसाच पुतण्या किंवा भाचाही. पोप अविवाहित असत, त्यामुळे घराण्याचे भले करायचे ते पुतण्या-भाच्यांच्या द्वारे. पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी 1456 मध्ये आपल्या दोन भाच्यांना कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, केले आणि त्यांतला रोद्रिगो बोर्जिया 1492 मध्ये सहावा अलेक्झांडर या नावाने स्वतःच पोप झाला. या प्रथेला ‘नेपोतिझ्मो’ असे नाव पडले, ते सतराव्या शतकात इंग्रजीत आले. पुढे 1692 मध्ये पोप बाराव्या इनोसंट यांनी फर्मान काढून प्रथेला आळा घातला.

मला विशेष आनंद वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. ‘निपोते’च्या मुळाशी असलेला लॅटिन ‘नेपोस’ आणि संस्कृत ‘नप्तृ’ हे एकाच कुळातले शब्द आहेत, आणि ‘नप्तृ’पासूनच आपला ‘नातू’ आला. मात्र ‘नातलग’मधले ‘नाते’ त्या कुळातले नव्हे. ते ‘ज्ञाति’शी जोडलेले आहे.

आता इतिवृत्ताविषयी. ‘वशिलेबाजी’ फार मोघम होईल, कारण वशिला कोणाचाही असू शकतो. आपल्याकडील गुजराती वर्तमानपत्रांतला ‘सगावाद’ सुटसुटीत आहे. पण मराठीत ‘सगा’ म्हटले की सख्खे नातेच डोळ्यांपुढे येते. मराठी अशा ठिकाणी नामापेक्षा क्रियापदाने बोलते, म्हणून ‘अर्ज न मागवता नात्यातील व्यक्तीची वर्णी लावण्यात आली, असा आक्षेप एका सभासदाने घेतला’ असे आपण लिहावे.