थंडी ‘चांगली’ आणि थंडी ‘चांगलीच’

प्रिय मनू,

रविवारी आजीशी फोनवर बोलून झाल्यावर तू विचारलंस, “आई, थंडी चांगली कशी पडते? थंडी तर वाईट असते ना?” मी तेव्हा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते, बाहेर उणे २४ होतं, आणि खरं सांगू, मलाही तुझंच बरोबर वाटलं. म्हणून ‘नंतर सांगते’ म्हणाले. आता सांगते. जोडाक्षरं वाचायला लागली आहेस, तर सावकाश वाच.

आजी म्हणाली होती, “यंदा थंडी चांगली पडली.” लगेच मागून आबा ओरडले, “चांगलीच पडली!” तुला वाटलं, दोघं एकच म्हणताहेत. अगं, ते भांडत होते. ‘तुझं अक्षर चांगलं आहे’ म्हटलं की तू खूश होतेस. ‘आता तुला चांगलाच ओरडा बसणार’ म्हटलं की पळतेस. मधे फक्त एक ‘च’ आहे. आमच्या घरात तो ‘च’ दर हिवाळ्यात येतो, कारण आजीचा गहू असतो आणि आबांची केळी.

आपलं शेत रावेर तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. जमीन चार एकर. दोन एकर केळी, एक कापूस, उरलेल्या एकरात गहू-हरभरा. मे महिन्यात तिथे पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा थंडीचे दोन-अडीच महिने म्हणजे वर्षातून एकदा येणारा पाहुणा. नोव्हेंबरात गहू पेरायचा, तीन आठवड्यांनी त्याला पाणी द्यायचं, आणि मग थंडीची वाट बघायची. थंडी पडली की एका रोपाला चार-पाच फुटवे येतात, म्हणजे तेवढ्या ओंब्या. पुढे दाणा भरतानाही गारवा लागतो. फेब्रुवारीतच ऊन तापलं तर दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघतो, आणि मग वर्षभर पोळ्या लाटताना माय (म्हणजे तुझी आजी, मी तिला माय म्हणते) त्या उन्हाला शिव्या देते. म्हणून तिची थंडी ‘चांगली’. पाऊस पावसाळ्यात पडला की चांगला, थंडी हिवाळ्यात पडली की चांगली. आपल्याला बरं वाटतं की नाही, ते कोणी विचारत नाही.

आता केळी. केळीला ऊब हवी. पारा दहाच्या खाली गेला की तिची मुळं काम थांबवतात, पानं पिवळी पडतात, नवा घड बाहेर यायला निघालेला असतो तो खोडाच्या गळ्यातच अडकतो. तयार फळाची साल काळपट होते, आणि व्यापारी भाव पाडतो. थंडीने केळीला होणाऱ्या या दुखण्याला आमच्याकडे ‘चरका’ म्हणतात. आबांनी केळीसाठी गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज काढलेलं असायचं, तेव्हा चरका पानाला बसायचा आणि पोटात गोळा आबांच्या यायचा.

मी तुझ्याएवढी असताना एका रात्री आबांनी सगळ्यांना उठवलं. आठ अंश असेल. हसू नकोस. तिथे भिंतीतून गरम हवा येत नाही, बाहेरचा गारठा घरातही येतो. मामाला आणि मला गोधडीसकट बैलगाडीत घातलं. बागेच्या उत्तरेच्या बांधावर आबांनी पाचोळ्याचे ढीग करून ठेवलेच होते. ते पेटवायचे, पण भडकू द्यायचे नाहीत. जाळ नको, धूर हवा. धुराचं पांघरूण बागेवर राहिलं की जमिनीची ऊब लवकर वर उडून जात नाही. ओला पाला टाकत राहायचं काम माझं. आबा मोटर चालू करून केळीला पाणी सोडत होते, कारण पहाटे विहिरीचं पाणी हवेपेक्षा कितीतरी गरम असतं, त्यातून वाफ निघताना दिसते. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो रात्रीचा आठवडा होता, नाहीतर नुसत्या धुरावर भागवावं लागलं असतं. माझे पाय त्या पाण्यात होते आणि मला वाटत होतं, जगात एवढी एकच गरम जागा आहे.

सकाळी आबांचे डोळे लाल. माय चहा गाळत म्हणाली, “गहू मात्र कसा हिरवागार झाला!” आबांनी कप खाली ठेवला. “माह्या केयीले इचार!” (आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, केळी म्हणजे केयी. हे शाळेत लिहू नकोस, घरी बोल.)

मोठी झाल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली. केळीचे पैसे कर्जात, खतात, आमच्या फीमध्ये जायचे, हिशेब आबांचा. हरभऱ्याचे चार सारे, म्हणजे लांब वाफे, मात्र मायचे. भाजी खुडून विकायची, डाळ करून विकायची, ते पैसे तिच्या डब्यात. तर थंडी कोणाला चांगली, ते कोणाच्या डब्यात काय पडतं यावरही असतं.

त्याच हरभऱ्यावर ती रात्री पातळ धोतर पसरून ठेवायची. पहाटे ते दवाने आणि पानांवरच्या आंबटपणाने भिजलेलं असे. पिळून बाटलीत भरायचं. ती आंब. पोट दुखलं की चमचाभर पाण्यातून. इतकी आंबट की दुखणं घाबरून जात असावं.

तुझा दुसरा प्रश्न होता, आजी चार महिने वांगं का खात नाही. चातुर्मास लागला की आमच्याकडे वांगं बंद, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुटतं. एवढा लांब उपास असा सुटला की शेतात भरीत होतंच. पांढरट-हिरवी, हातभर वांगी. वाळलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, जाळ. वांगी त्यात थेट टाकायची, साल काळी करायची, सोलून लाकडी दांड्याने ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. टमाटा नाही! इथे ओव्हनमध्ये मी करते ते भरीत नव्हे, ते वांग्याचं काहीतरी असतं, आणि त्यावर धुराचा अलार्म वाजला तेवढाच खरा भाग. खाली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडदाची. गड्यांसकट, शेजारच्या बांधावरच्यांसकट पंचवीस माणसं केळीच्या पानावर जेवायची. आबा पान स्वतः निवडून कापायचे. चरका न बसलेलं.

येत्या रविवारी तू फोन लाव. आधी आजीला गव्हाचं विचार, मग आबांना केळीचं. उलटं केलंस तर आजीपर्यंत फोन पोचणारच नाही.

तुझी
आई