औषध दुकानाचे व्यवस्थापकपद स्वीकारावे का?

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. ज्या औषध दुकानात मी प्रशिक्षण घेतले, तेथील मालकांनी पदवीनंतर व्यवस्थापक म्हणून येण्याविषयी विचारले आहे. ‘एवढे शिकून शेवटी दुकानदारीच का?’ असे वडील म्हणतात. या कामाचे फायदे-तोटे कोणते?

उत्तर : या कामात दुकानदारी आहे आणि ती थोडीथोडकी नाही, हे आधी मान्य करावे लागेल. व्यवस्थापकाचा बराचसा दिवस मागणी नोंदवणे, आलेला माल बिलाशी आणि बॅच क्रमांकाशी ताडून पाहणे, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणे आणि हिशेब जुळवणे यातच जातो. मात्र येथे साठ्यातील चूक केवळ पैशांची नसते. न उघडलेले इन्शुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि ते एकदा गोठले, की वितळल्यावर दिसायला ठीक असले तरी वापरता येत नाही. म्हणून फ्रीज बिघडलेल्या रात्रीनंतर काय विकायचे आणि काय बाजूला काढायचे, हा निर्णय ज्याला औषध कळते त्यानेच घ्यावा लागतो.

या पदाचे खरे समाधान मला वेगळ्या ठिकाणी दिसते. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. गैरसमजाने ते रोज घेतले गेले, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असते, हे तापासाठी तेच औषध आधीपासून घेणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, आणि प्रौढाने दिवसाची 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडल्यास यकृताला इजा होऊ शकते. काउंटरवरचा फार्मसिस्ट समोरच्या रुग्णाला सावध करतो. व्यवस्थापक मात्र ‘आणखी कोणती औषधे घेता आणि कशी?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला, आपण दुकानात नसतानाही, विचारला जाईल अशी पद्धत बसवू शकतो. नावे सारखी असल्याने गोंधळ होऊ नये म्हणून खाज कमी करणारे हायड्रॉक्सिझिन आणि रक्तदाबावरचे हायड्रॅलझिन शेजारी ठेवायचे नाही, एवढा निर्णयसुद्धा त्याचाच असतो. असे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, त्यामुळे कौतुकाची अपेक्षा ठेवू नये.

तोट्यांपैकी उशिरापर्यंतचे तास, सणासुदीची हुकलेली सुट्टी आणि दिवसभर उभे राहणे यांची कल्पना तुम्हाला प्रशिक्षणात आलीच असेल. त्याहून जड जाते ती दुसऱ्याच्या चुकीची जबाबदारी. सवय लावणाऱ्या औषधांच्या नोंदवहीत एका गोळीचा फरक आला, तरी उत्तर व्यवस्थापकालाच द्यावे लागते. मुदत संपत आलेला साठा पडून राहिला, तर त्यात अडकलेल्या पैशांचा जाब मालक विचारतात. उलट साठा कमी ठेवला, तर गरजू रुग्ण रिकाम्या हाताने परततो. शिवाय एकाच दुकानात वरची पायरी लवकर संपते आणि संशोधन किंवा उत्पादनाकडे नंतर वळणे अवघड होते.

परंतु सर्वांत मोठी अडचण विक्री आणि सल्ला यांच्या ओढाताणीची आहे. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मागणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाईकाला नकार देणे शास्त्राच्या दृष्टीने सोपे आहे; त्याच महिन्यात विक्री घटली असेल, तर ते तितके सोपे राहत नाही. म्हणून होकार देण्यापूर्वी मालकांना स्पष्ट विचारावे, की एखादे औषध द्यायचे नाही असे तुम्ही ठरवल्यास अंतिम शब्द कोणाचा राहील, आणि तुमचा पगार विक्रीच्या उद्दिष्टाशी बांधलेला असेल का. पहिल्या प्रश्नाला ‘तुमचा’ असे उत्तर मिळाले, तर निदान दोन वर्षे हे काम जरूर करावे. ते उत्तर टाळले गेले, तर रुग्णालयातील फार्मसीत कनिष्ठ पदावर सुरुवात करणे मी अधिक हिताचे मानेन, मग पगार थोडा कमी असला तरी चालेल. वडिलांना एखाद्या संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, त्या दुकानात तासभर बसवता आले, तर त्यांच्याशी पुढची चर्चा सोपी होईल.