अनफर्निश्ड फ्लॅट भाड्याने देताना मालकाने काय काय बसवून द्यावं?

वाकडचा टू बीएचके तुम्ही पहिल्यांदाच भाड्याने देताय, एजंट म्हणतोय 'निदान बेड-सोफा टाका', आणि तुम्हाला ती कटकट नकोय. टाकू नका. पुण्यात बदलून येणारी कुटुंबं पलंग, फ्रिज, मशीन घेऊनच येतात. तुमचा सोफा त्यांना अडचणच. पण म्हणून बिल्डरने ताबा दिला तसाच्या तसा फ्लॅट हातात द्यायचा, असंही नाही.

माझा हिशेब साधा आहे. टेम्पोत चढतं ते भाडेकरूचं; जे बसवायला ड्रिल लावावं लागतं ते मालकाचं. यात उपकार नाहीत, तुमचाच फायदा आहे. गिझरचंच बघा. तुम्ही दिला नाहीत तर पहिला भाडेकरू स्वतःचा लावतो आणि जाताना काढून नेतो. दुसऱ्याच्या गिझरला ती भोकं जुळत नाहीत, मग तो शेजारी नवीन पाडतो. दोन-तीन भाडेकरूंत टाइल्सची चाळण होते, एखादी तडकते, आणि ते डिझाइन तोवर दुकानातून गायब झालेलं असतं.

बाथरूमला पंधरा लिटरचा गिझर पुरतो. दोन किलोवॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, त्यामुळे सोळा अँपिअरचा पॉइंट आणि स्वतंत्र वायर हवीच. सहाच्या प्लगवर जोडला तर सॉकेट काळा पडून वितळतो. सोसायटीचं सोलर आहे म्हणून गिझर टाळू नका. ते पाणी बऱ्याच ठिकाणी सकाळी ठरावीक वेळच येतं, आणि पावसाळ्यात विचारूच नका. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार धरतात. सर्व्हिसिंगचा खर्च कोणाचा, ते आधीच ठरवा, नाहीतर दर हिवाळ्यात फोन येणार.

वायरमन आलाच आहे तर बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आहे का आणि अर्थिंग नीट आहे का, तेही तपासून घ्या. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

बाकी भराभर सांगतो: सगळ्या खोल्यांत पंखे आणि ट्यूब, पडद्यांचे रॉड (पडदे नकोत), खिडक्यांना मच्छरजाळी, सेफ्टी डोअर, बाथरूममध्ये आरसा, टॉवेल रॉड, एक्झॉस्ट, बाल्कनीत कपडे वाळत घालायचं हँगर, वॉशिंग मशीनसाठी नळ आणि पाणी जायला जागा. ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या मात्र कराच. घर बघायला आलेल्या वहिनी आधी ओट्याखाली वाकून बघतात, आणि निकाल बहुधा तिथेच लागतो! वॉटर प्युरिफायर देऊ नका, फक्त पॉइंट काढून द्या. फिल्टर कोणी बदलायचा यावरून झालेली भांडणं मी भरपूर ऐकली आहेत.

दिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी, कंपनीच्या नावासकट, करारात घाला. ताबा देताना फोटो आणि महावितरणच्या मीटरचं रीडिंग दोघांच्याही मोबाइलवर असू द्या. आणि अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. मग तुमची ती यादी काय कामाची?

सोसायटीने बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून घेतात ते) वाढवून मागितलं तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, तशी शासनाची मर्यादाच आहे.

आणि एवढं सगळं बसवल्यावर एजंटला जाहिरातीत 'सेमी-फर्निश्ड' लिहायला सांगा. पंखे, गिझर, ट्रॉल्या असलेल्या घराला इथे तेच म्हणतात, आणि भाडंही त्याच हिशेबाने मागता येतं.