विहिरीचं पाणी आणि डोळ्यातली लेन्स

प्रश्न: डॉक्टरताई, माझी मुलगी मुंबईला नोकरी करते, कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. गणपतीला घरी आली की लेन्स न काढताच विहिरीवर अंघोळ, समुद्रात डुंबणं सुरू. लेन्सचं सोल्यूशन संपलं तर डबीत विहिरीचंच पाणी भरते. ‘टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलंय ना, अमिबा मरतो’ म्हणते. सासूबाईंना पूर्वी अमिबाची हगवण झाली होती. तो पोटातून डोळ्यात जातो का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: सासूबाईंचा यात काही संबंध नाही. त्यांना छळणारा अमिबा आतड्यातला, फार तर यकृतात गळू करतो. डोळ्यात शिरतो तो अकॅन्थामिबा. मातीत, विहिरीत, नळाला, समुद्रात, सगळीकडे असतो आणि बाहेरूनच येतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

टीसीएलचं म्हणाल, तर ते पिण्याच्या पाण्यातल्या जंतूंसाठी ठीक. हा अमिबा मात्र अडचण आली की स्वतःभोवती दुपदरी कवच करून बसतो, आणि विहिरीत टाकतो तेवढ्या क्लोरीनला ते कवच दाद देत नाही. लेन्सखाली सापडला आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला बारीक ओरखडा असला, की त्याचं काम झालं.

पाश्चात्त्य देशांत याचे बहुतेक रुग्ण लेन्सवाले. आपल्याकडे उलट. लेन्स कधी पाहिलीही नाही अशी माणसं जास्त. लावणीत चिखल उडतो, झोडणीत तूस जातं, आणि डोळा धुतात तो पाटाच्या पाण्याने! मग मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेले थेंब. त्यात स्टेरॉइड असलं तर चार दिवस बरं वाटतं आणि आत आजार पसरत जातो. या थेंबांचा मला मनस्वी राग आहे.

ओळखायचं कसं? डोळा दिसतो थोडासाच लाल, पण कळ अशी की माणूस रात्रभर बसून काढतो. उजेड सोसत नाही, पाणी गळतं. सुरुवातीला डॉक्टरांनाही हर्पिस (एक विषाणू) किंवा बुरशी वाटू शकते. म्हणून बुबुळावरचा तो पडदा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवं. उपचारही चिवट: पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकांचे ०.०२ टक्क्यांचे थेंब, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा, आणि मग कित्येक महिने. तेही कवचामुळेच. उशीर झाला तर पांढरा डाग राहतो, कधी नेत्ररोपण करावं लागतं.

मुलीला आज काही त्रास नसेल तर घाबरू नका. ती डबी आणि त्यात ठेवलेल्या लेन्स टाकून द्या. गावी असेपर्यंत चष्मा लावू दे. फोटोत चष्मा दिसतो ही तक्रार येईल, ती ऐकू नका. मुंबईत नळाचं पाणीही डबीला लावायचं नाही, आणि जुन्या सोल्यूशनमध्ये नवं ओतायचं नाही.

पण डोळा दुखायला लागलाच, तर मात्र काहीही फेकू नका. लेन्स आणि डबी आहे तशी घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे या. त्यातल्या पाण्याचीही तपासणी करता येते.