अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि अधिस्वीकृतीचा प्रश्न

‘माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली. अमेरिकेत दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचे, असा तिचा बेत आहे. सल्लागारांनी कॅलिफोर्नियातील दोन कॉलेजे सुचवली असून त्यांपैकी एकाचे शुल्क बरेच कमी आहे. दोन्ही मान्यताप्राप्त आहेत, असे ते म्हणतात. सोबत माहितीपत्रक जोडले आहे. एवढ्यावर विसंबावे का?’
– एक पालक, सांगली

सप्रेम नमस्कार.

कमी शुल्काच्या कॉलेजचे माहितीपत्रक मी बारकाईने वाचले. शेवटच्या पानावर सोनेरी शिक्का आहे आणि त्याखाली ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ असे छापले आहे. ही मान्यता कोणी दिली, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही. शुल्काचा हिशेब मांडण्याआधी त्या नावाचा शोध घ्या, कारण मुलीचा सगळा बेत त्यावरच अवलंबून आहे.

अमेरिकेत केंद्र सरकार स्वतः महाविद्यालयांना अधिस्वीकृती, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन, देत नाही. ते काम खासगी, विनानफा तत्त्वावरील आयोग करतात आणि त्यांपैकी कोणते आयोग ग्राह्य धरायचे, हे तिथला शिक्षण विभाग ठरवतो. शिवाय ‘कौन्सिल फॉर हायर एज्युकेशन अ‍ॅक्रेडिटेशन’ ही बिगरसरकारी संस्थाही स्वतंत्रपणे अशी पारख करते. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांची तपासणी ‘अ‍ॅक्रेडिटिंग कमिशन फॉर कम्युनिटी अँड ज्युनिअर कॉलेजेस’ हा आयोग करतो. आपल्याकडे महाविद्यालयांचे मूल्यमापन करणाऱ्या नॅकची समिती येण्याआधीची महाविद्यालयातील धावपळ तुम्ही पाहिली असेल, तर ही पद्धत ओळखीची वाटेल: कॉलेज स्वतःचा मूल्यमापन अहवाल लिहिते, इतर महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि प्रशासक येऊन तो पडताळतात आणि मग आयोग निर्णय देतो. फरक इतकाच की तिथे भर श्रेणीवर नसतो. अधिस्वीकृती टिकते, ताकिदीसह टिकते किंवा जाते.

ती गेली तर काय होते, हे लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन कॉलेजकडे पाहून समजते. आर्थिक आणि प्रशासकीय गैरकारभारामुळे 2006 मध्ये त्या कॉलेजची अधिस्वीकृती गेली. इमारती होत्या, शिक्षक होते, विद्यार्थीही होते. पण अधिस्वीकृतीशिवाय केंद्र सरकारचे विद्यार्थी साहाय्य मिळत नाही आणि तिथे मिळवलेली क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, इतर विद्यापीठे सहसा स्वीकारत नाहीत. अखेर शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजने त्याला आपल्या छत्राखाली घेतले, म्हणून तिथले वर्ग चालू राहू शकले. स्वतःची अधिस्वीकृती परत मिळायला 2017 साल उजाडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजवरही 2013 मध्ये अशीच टांगती तलवार आली होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि कॉलेजची अधिस्वीकृती शेवटपर्यंत टिकून राहिली, तरी त्या काळात असंख्य विद्यार्थी धास्तीने कॉलेज सोडून गेले. म्हणूनच केवळ ‘अधिस्वीकृत’ हा शब्द वाचून थांबू नका. आयोगाच्या यादीत कॉलेजच्या नावासमोर ताकीद किंवा परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे सुधारणेसाठी देखरेखीखाली ठेवणे) असा शेरा आहे का, हेही पाहा. तसा शेरा असला म्हणजे कॉलेज बंद पडणार असे नव्हे, पण दोन वर्षांनी क्रेडिट घेऊन बाहेर पडायचे असणाऱ्या मुलीला तो आधीच माहीत असायला हवा.

सल्लागार तुम्हाला सांगतील की कॉलेज आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र, देते, म्हणजे ते अधिकृतच आहे. हा युक्तिवाद मान्य करू नका. आय-ट्वेंटी देण्याची परवानगी गृहसुरक्षा विभागाच्या यंत्रणेकडून मिळते आणि अधिस्वीकृती ही वेगळी गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीकडे ती परवानगी होती, अधिस्वीकृती नव्हती. 2011 मध्ये तिच्यावर छापा पडला, तेव्हा तिथे नाव नोंदवलेल्यांत बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते आणि त्यांतल्या काहींच्या पायाला पाळत ठेवणारी यंत्रे बांधली गेली. त्या पालकांनीही पैसे विश्वासानेच भरले होते, हे आठवले की आजही जीव कळवळतो.

आणखी एक बाब. कॉलेजची अधिस्वीकृती म्हणजे प्रत्येक विषयाच्या क्रेडिटची हमी नाही. कोणता विषय चालेल, हे ज्या विद्यापीठात जायचे ते विद्यापीठ ठरवते. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक कॉलेजे आणि विद्यापीठे यांच्यासाठी ‘असिस्ट’ नावाचे अधिकृत संकेतस्थळ आहे आणि कॉलेजातला कोणता विषय विद्यापीठातल्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जातो, हे तिथे दिलेले असते. मुलीला त्यावर स्वतः बसवा. तिला अभियांत्रिकीकडे वळायचे असेल, तर गणित आणि भौतिकशास्त्राच्या ओळी आधी तपासायला सांगा.

या आठवड्यात दोन्ही कॉलेजांना ई-मेल पाठवून तीन प्रश्न विचारा: अधिस्वीकृती देणारा आयोग कोणता, सध्याची स्थिती काय आणि पुढची तपासणी कधी. उत्तरे आली की अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील अधिस्वीकृत संस्थांच्या यादीशी ती ताडून पाहा. तोवर जागा राखून ठेवण्यासाठी म्हणून मागितलेली रक्कमही भरू नका. उत्तरे हाती आल्यावर मला पुन्हा लिहा, मी ती तुमच्याबरोबर वाचेन.